पहिला नग

रिकाम्या जिगने चोवीस व्होल्ट दाखवले. लिएनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. यंत्रावर संशय घेण्याआधी माणसाने आपल्या डोळ्यांवर घ्यावा, अशी त्याची शिस्त होती. जिगमध्ये, म्हणजे नग बसवून तपासायच्या खोबणीत, काहीच नव्हतं. पितळी पिना मोकळ्या वर बघत होत्या आणि पडद्यावर हिरव्या चौकटीत आकडा होता, चोवीस पूर्णांक शून्य दोन, पास. मग त्याने हातातला नग पिनांवर दाबून बसवला आणि कळ दाबली. आता शून्य, लाल चौकट, नापास. नग काढून घेतला, रिकाम्या जिगवर परत कळ दाबली. परत चोवीस. तेवढ्यातच त्याला कळलं होतं. त्यानंतर आणखी एकदा त्याने कळ दाबली ती निव्वळ चवीसाठी, गोड पदार्थ संपल्यावर बोट चाटावं तशी. मीटर खोटं बोलत नव्हतं. ते मागच्या प्रश्नाचं उत्तर देत होतं. कोणीतरी त्याला एक प्रश्न जास्तीचा विचारला होता आणि उत्तर ऐकायला थांबलं नव्हतं. ते उत्तर तसंच दारात उभं राहिलं, त्याच्यामागे पुढचं, त्याच्यामागे त्याच्या पुढचं, आणि तेव्हापासून या टेबलावर प्रत्येक नगाला त्याच्या आधीच्या नगाचा आकडा मिळत होता. सगळे नग एकाच वळणाचे, सगळ्यांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळच्या लॉटमधला एकच नग नापास होऊन लाल तबकात आला होता. लिएनने तो स्वतःच्या टेबलावर तपासला तर ठणठणीत निघाला, म्हणून तर तो चाचणीच्या जागेवर पोरींना चार शब्द ऐकवायला आला होता. म्हणजे खरा वाईट नग तो नव्हे, त्याच्या आधीचा. भार पडला की मान टाकणारा. आणि तो पास होऊन, पिशवीत बसून, खोक्यात गेला होता. खोकी तीनच्या ट्रकने बंदरावर जाणार होती आणि तिथून समुद्रापलीकडच्या ग्राहकाकडे, नागोयाला. नागोयात ते लोक हे नग, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्या, एका लहान यंत्रात बसवत. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घशातला कफ ओढून काढणारं यंत्र.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. लिएनने नग खिशात घातला आणि तोंडावर काही न दाखवता जेवायच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आज त्याला भूक लागली होती, पुष्कळ दिवसांनी. डब्यात डुकराच्या मांसाची तळलेली चकती, उकडलेलं अर्धं अंडं, कोबी, भात. समोरच्या टेबलावर फान आपल्या माणसांच्या घोळक्यात बसून सगळ्यांच्या डब्यांतून एकेक घास उचलत होता आणि ज्याचा घास उचलला त्याला धन्य वाटत होतं. ही फानची कला. तो उपाध्यक्ष झाला तो याच कलेवर. कॉलेजात प्रयोगशाळेत तो लिएनच्या वहीतले आकडे उतरवून घ्यायचा, आणि वर शिक्षकांना तो आवडायचा. सैन्याच्या सक्तीच्या नोकरीत दोघं एकाच तुकडीत होते, तिथे आचारी फानला हाडावरचं मांस काढून ठेवायचा. लिएनने त्या आचाऱ्याला एकदा भाताचं पाणी का जास्त होतं ते मोजून समजावून सांगितलं होतं. पुढचं वर्षभर त्याला रस्साच मिळाला. लोकांना बरोबर असणारा माणूस नको असतो, हसरा हवा असतो, हे लिएनला विशीतच उमगलं होतं, आणि त्याने ठरवलं होतं की आपण बरोबरच असायचं. डबा धुवायच्या नळाशी छिऊ भेटली. चाचणी विभागातली तिशीतली इंजिनियर, डोळ्यांखाली कायम थोडी झोप साचलेली. म्हणाली, "लिएनदादा, जेवलात का?" त्याच्या हातातला रिकामा डबा तिला दिसत होता. तो म्हणाला, "तुला उत्तर हवंय, की नुसता आवाज करायचाय?" ती कसनुसं हसली आणि बाजूला झाली. या बेटावर दोन कोटींहून जास्त माणसं दिवसभर एकमेकांना जेवलास का विचारतात आणि एकालाही उत्तराशी देणंघेणं नसतं. मीटर बिघडलं ते याच सवयीने, असं त्याला वाटलं, आणि विचार आवडला म्हणून त्याने तो जपून ठेवला.

मग दिवे मालवले गेले. जेवणानंतर सगळा मजला झोपतो. कोणी घडीच्या खाटेवर, कोणी टेबलावर उशी ठेवून तिच्यात तोंड खुपसून, कोणी डोळ्यांवर पट्टी लावून खुर्चीतच मान टाकून. पडदे ओढलेले, बाहेर हूकौ गावचा वारा पत्र्यांना ओरबाडतो आहे, आणि आत पन्नास-साठ माणसांचे श्वास. लिएनला या तासाची किळस होती. झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं पडतं आणि त्यात काही नसतं. तो कधीच झोपत नसे. हातांवर कपाळ टेकून, डोळे मिटून जागा असे, आणि हाच त्याच्या दिवसातला सर्वात लांब तास. आज मात्र तो संपू नये असं त्याला वाटलं. खिशातला नग मांडीला टोचत होता. दूर काळोखात मापनयंत्रांचे बारीक दिवे लागलेले होते. तेवढे जागे होते. तेवढेच नेहमी जागे असत. पहिल्यांदा त्याने यंत्राला हुकूम दिला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. राखाडी रंगाचं, खोक्यासारखं मीटर, अंगठ्याएवढी जाड केबल. त्याने संगणकावर एक ओळ लिहून पाठवली आणि मीटरच्या तोंडावर छोटा दिवा लागला, त्याची सगळी बटणं मेली. शेजारच्या माणसाने येऊन बोटं खुपसून पाहिली, काही झालं नाही. आता ते फक्त ओळीचं ऐकत होतं. लिएनच्या मानेवर काटा आला होता. पुढे लग्नाच्या दिवशी, मुलगी झाली त्या दिवशी, त्याने त्या काट्याची वाट पाहिली होती. आला नव्हता.

केवढी स्वच्छ भाषा, ही यंत्रांशी बोलायची. मुळापासून फांदीकडे जायचं. आधी यंत्राचं कोणतं अंग, मग त्यातली कोणती गोष्ट, मग किती. पायरी उतरताना एकावर एक दोन ठिपके. टपालाच्या पत्त्यासारखं, शहर, रस्ता, गल्ली, घर. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तो प्रश्न, नसेल तर हुकूम, आणि हुकमाला यंत्र उत्तर देत नाही, ते करतं. आधी तारकेची खूण लावून तू कोण असं विचारलं की कुठल्याही देशातलं, कुठल्याही घराण्याचं यंत्र आपलं कूळ, नाव आणि अनुक्रमांक सांगतं, न लाजता आणि न फुगवता. आणि काही चुकलं तर ते बोंबलत नाही. चूक आत रांगेत ठेवतं. कोणी विचारलं की सांगतं, सर्वात जुनी आधी. नाही विचारलं तर नाही सांगत. लिएनने याच्याइतकं सभ्य वागणं कोणा माणसात पाहिलं नव्हतं, आणि स्वतः तसंच वागायचं असं त्याने कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप अंगवळणी पडलं होतं. विचारा, मी सांगेन. न विचारता सांगणं म्हणजे फान.

आणि जास्तीचा प्रश्न फाननेच घातलेला होता. मार्चमध्ये नागोयाचे पाहुणे यायचे होते तेव्हा फानने चाचणीच्या भिंतीवर मोठा पडदा बसवून घेतला आणि आपल्याला अजून प्रोग्राम लिहिता येतो हे तरण्या पोरांना दाखवायला, शर्टाच्या बाह्या सारून, स्वतः बसून त्यात ओळी टाकल्या. पडद्यावर मीटरचं नाव ठळक अक्षरांत यावं म्हणून सकाळी यंत्र सुरू होताच त्याला विचारायचं, तू कोण? एकदा नोंदीसाठी, एकदा पडद्यासाठी. दोनदा विचारलं, उत्तर एकदाच वाचलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पहिल्या नगाला आकड्याऐवजी अक्षरांची खिचडी येऊ लागली, आणि ती खिचडी म्हणजे मीटर दुसऱ्यांदा सांगत असलेलं आपलं नाव होतं, बिचारं. पण या मजल्यावर कोण विचारणार? पोरी म्हणाल्या, मीटरची झोप उडालेली नसते, पहिला नग परत लावायचा. परत लावला की आकडा नीट येई. झालं, प्रथा पडली. पहिला नग दोनदा. नवीन मुलगी आली की तिला हे आधी शिकवत. एकीने मीटरवर हिरव्या पुड्यातला तो नारळाच्या वासाचा खाऊ आणून ठेवला, त्याच्या नावाचाच अर्थ शहाण्यासारखं वाग असा, यंत्रानेही तसं वागावं म्हणून. पुड्यावरची तारीख उलटली की छिऊ आठवणीने नवा ठेवी. इंजिनियर बाई! लिएन रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन तिथून जाई, पहिला नग दुसऱ्यांदा लागताना पाही आणि नाकातून हसे. एकदा म्हणालाही होता, उदबत्ती पण लावा की. त्या हसल्या होत्या. त्यांना तो विनोद वाटला होता.

त्याने कूस बदलली, म्हणजे उजव्या हातावरचं कपाळ डाव्या हातावर घेतलं. आता सगळं कसं होईल ते त्याने आरामात रचायला घेतलं. दिवे लागल्यावर माल पाठवण्याची बैठक. फान आकडे वाचेल. तिथे आपण बोलायचं नाही. कोणी विचारलं, लिएन, तुला काय वाटतं, तर सांगायचं, सगळं, पायरी पायरीने, प्रत्येकाला कळेल अशा मंद गतीने. नाही विचारलं तर ट्रक जाईल. नागोयाचे लोक बारीक असतात, महिन्याभरात पत्र येईल, चौकशी बसेल, आणि चौकशीत तरी कोणाला तरी विचारावंच लागेल. फानचा चेहरा तेव्हा कसा दिसेल हे तो पाहू लागला. गाल आधी खाली येतील. मग तो सवयीने कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकायला जाईल आणि तो खांदा बाजूला होईल. त्याच क्षणी शेजारच्या रांगेत कोणीतरी झोपेत खोकलं. कफाचा, खोल, न सुटणारा खोकला. तो थांबण्याची लिएनने वाट पाहिली. थांबला. खोकल्याचा आणि फानच्या गालांचा काही संबंध नव्हता. तरी गाल परत नीट दिसेनात.

त्याऐवजी जिना दिसला. शिनचूच्या जुन्या घराचा, हिरव्या रंगाचा कठडा, आणि तिसऱ्या पायरीवर बसलेली त्याची मुलगी, आठ वर्षांची, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. घरात नियम होता की मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, विचारलं की सांगायचं. जेवायला हाक मारली तेव्हा ती आली, उजव्या हाताने जेवली, वाटी डाव्या हातात धरली नाही म्हणून आईची बोलणी खाल्ली, आणि परत पायरीवर जाऊन बसली. झोपायच्या वेळी तिच्या आईने सदरा काढायला घेतला तेव्हा मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. दुपारी शाळेत पडली होती. का नाही सांगितलंस? तर म्हणाली, कोणी विचारलं नाही. लिएनला तिचा अभिमान वाटला होता. खरंच वाटला होता. आपल्या रक्ताची खूण पटावी तसा. त्याने ती गोष्ट ऑफिसात सांगितली होती, जेवणाच्या टेबलावर, शिस्तीचा नमुना म्हणून, आणि फानने चॉपस्टिक्स खाली ठेवून म्हटलं होतं, "अरे, हाड मोडलं होतं तिचं." बस्स, एवढंच. फानसारख्या माणसाने. त्या वाक्याचा राग लिएन अजून बाळगून होता, आणि तो राग कशाचा आहे हे पाहायला मात्र गेला नव्हता. आता मुलगी ताइचुंगला असते. तिला मूल झालं तेव्हा बायको दोन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेली, आणि मूल आता शाळेत जातं. दर रविवारी फोन येतो. सगळं ठीक? सगळं ठीक. तिथे काही अडचण? काही नाही. रांगेत किती जमा आहे, कोणास ठाऊक. त्याने उघडून पाहिली नव्हती. दिवे लागले तेव्हा त्याच्या कपाळावर घड्याळाच्या पट्ट्याचा वण उमटला होता, आणि तो झोपला होता असा सगळ्यांचा समज झाला, याचं त्याला विशेष वाईट वाटलं.

बैठकीत आठ-दहा माणसं होती, सगळ्यांचे चेहरे उशीच्या सुरकुत्या पडलेले. मालगोदामाचा माणूस दारातच उभा होता, शिक्का घेऊन खाली पळायच्या तयारीत. छिऊने आकड्यांचे कागद वाटले. फान खुर्चीत पसरला आणि सवयीने सगळ्या खोलीला म्हणाला, काही अडचण? सगळी खोली सवयीने म्हणाली, नाही. फानची नजर फिरत फिरत लिएनपाशी आली, क्षणभर थांबली. लिएनने पाठ ताठ केली. "त्याला नका रे विचारू," फान हसत म्हणाला, "तो आधी माझ्या प्रश्नातल्या चुका काढेल, मग ट्रक निघून जाईल." सगळे हसले, छिऊसुद्धा, कागदाआडून. लिएनला हायसं वाटलं. विचारलं नाही. विषय संपला. आता जे होईल ते होईल आणि ते त्याच्या अंगावर नसेल. मालगोदामवाल्याने शिक्क्यासाठी हात पुढे केला.

तो गप्प राहिलाही असता. पण फानने कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दाराशी उभ्या माणसाला, खिडकीला, जगाला ऐकू जावं असं. म्हणाला, बघा, एकूण एक नग, चोवीस पूर्णांक शून्य एक, शून्य दोन, शून्य दोन; नागोयाच्या लोकांनी फ्रेम करून लावावं असं काम आहे. शून्य दोन हे शब्द तो जिभेवर घोळवत होता, स्वतः घडवल्यासारखे. लिएनला ते सहन झालं नाही. माणूस खोटं बोलला असता तर सहन झालं असतं. हा मूर्ख दुसऱ्याचा आकडा कुरवाळत होता. "तो आकडा त्या नगाचा नाही," लिएन म्हणाला. "एकही आकडा त्याच्या नगाचा नाही. त्याच्या आधीच्याचा आहे." आणि खिशातला नग काढून त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला.

मग त्याने सांगितलं. ठरवल्याप्रमाणे मंद गतीने, पायरी पायरीने, मार्चच्या पडद्यापासून दोनदा विचारलेल्या प्रश्नापर्यंत, आणि प्रत्येक पायरीला थांबून फानकडे पाहिलं. सांगताना त्याला इतकं बरं वाटत होतं की शेवटी आवाज जवळजवळ प्रेमळ झाला. फानचे गाल खाली आले, जसे यायचे होते तसेच. पण मग तो कोणाच्या खांद्याकडे वळला नाही. दाराशी उभ्या माणसाला म्हणाला, ट्रक थांबव, सगळी खोकी परत वर आण, ड्रायव्हरला चहा पाज. मग लिएनला म्हणाला, "चूक माझी. बरं झालं बोललास." आणि यात काही शोभेचं नव्हतं, त्याच्या कपाळावर घाम आला होता. लिएनला फसवल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांची भूक आणि पानात हे.

 छिऊ कागदाच्या मागच्या बाजूवर काहीतरी खुणा करत होती, ओठ हलवत, लहान मुलं बेरीज करतात तशी. "पहिला नग दोनदा लावायचा," ती म्हणाली, "ते मार्चपासूनच आहे. पडदा लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." तिने वर पाहिलं. "म्हणजे आजचा लॉट नाही. सगळेच. मार्चपासून जितके लाल तबकात टाकले तितके चांगले होते, आणि जितके वाईट होते तितके गेले बाहेर."

पंखा फिरत होता. लिएनने झोपेच्या तासात फानच्या गालांचा हिशेब केला होता, नागोयाच्या पत्राचा, चौकशीचा, आपल्या आवाजाच्या गतीचासुद्धा. हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. इतकी सरळ गोष्ट. एका लॉटमधला एक नग त्याने मांडीला टोचवत ठेवला होता, आणि मागे उन्हाळा, पावसाळा, वादळांचा मोसम असे सगळे महिने उभे होते, एकेक खोकं घेऊन. त्यातलं कुठलं कुठे गेलं, कोणत्या बिछान्याशेजारी, भार पडल्यावर कोणत्या रात्री मान टाकायला, ते कोणाला सांगता येणार होतं?

फानने टेबलावरचा नग उचलला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. त्याचा आवाज चढला नाही. "पहिल्या नगाची गडबड होते, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तू एकदा बघायचंस की रे, लिएन. तुला दोन मिनिटांचं काम. बघितलं का नाहीस?"

उत्तर तयार होतं. ते इतकी वर्षं तयार होतं की त्याला ते उचलावंही लागलं नाही, ते आपोआप बाहेर आलं. "मला कोणी विचारलं नाही," लिएन म्हणाला.

कोणी हसलं नाही. फानने डोळे मिटले आणि बोटांनी चोळले. मालगोदामाकडून खोकी वर आणणाऱ्या ढकलगाडीची चाकं जिन्याखाली वाजू लागली. छिऊ लिएनकडे बघत होती. रागाने नाही. चाचणीवरची पोरगी पडदा बघून नग लाल तबकात ठेवते तेव्हा नगाकडे जेवढं बघते तेवढंच, आणि मग तिने नजर काढून घेतली, खुर्ची फानच्या दिशेला वळवली आणि वहीचं कोरं पान उघडलं. "साहेब," ती म्हणाली, "मार्चपासूनचे सगळे ग्राहक मी काढते. पहिला फोन कोणाला लावायचा?"